कुंपणावरचा सरडगुहिरा

येमेनच्या डोंगरउतारांवर आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात व्हेल्ड शॅमेलिऑन राहतो. डोक्यावर दोन इंचांपर्यंत उंच तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे, वेगवेगळ्या दिशांना फिरणारे दोन डोळे. घरात पाळल्या जाणाऱ्या शॅमेलिऑनांत जगभर त्याचाच बोलबाला आहे. मादागास्करचा रंगेल पँथर शॅमेलिऑन त्याच्या खालोखाल येतो. मोबाइलवरच्या चित्रफितींनी हे दोघे लहान शहरांतही ओळखीचे करून ठेवले आहेत. जिभेचा एक फटका, टोळ गायब, आणि बघणाऱ्याच्या मनात प्रश्न: हा आपल्या घरी ठेवता येईल का?

जळगाव किंवा धुळ्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला आधी एक गोष्ट सांगायला हवी. खान्देशाला स्वतःचा शॅमेलिऑन आहे. सरडगुहिरा किंवा घोयरा सरडा म्हणतात तो हाच. शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात आहे. गंगेच्या दक्षिणेकडचा भारत, पाकिस्तानचा काही भाग आणि श्रीलंका हा तिचा मुलूख. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी सव्वा फुटापर्यंत भरते. त्यातली निम्म्याच्या आसपास शेपटीच असते, आणि ती फांदीला वेढे घालते. बागेत मान वरखाली करणारा, लालसर गळ्याचा, चपळ सरडा तो हा नव्हे. तो दगडावर, भिंतीवर, विजेच्या खांबावर बिनधास्त दिसतो. सरडगुहिरा बोरी-बाभळीत, निंबावर, शेताच्या बांधावरच्या दाट कुंपणात असतो आणि समोर असूनही दिसत नाही.

हा सरडा पाळता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या दुसऱ्या अनुसूचीत शॅमेलिऑनचे नाव होते. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि त्याचे संरक्षण कायम राहिले. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे हीसुद्धा शिकारच. शेतात सापडला, पोरांनी हौसेने घरी आणला, बरणीत ठेवला, हेही त्यात येते आणि शिक्षा तुरुंगवासाची आहे. ही अट योग्यच आहे. रानातून आणलेला शॅमेलिऑन पिंजऱ्यात फार काळ काढत नाही. पकडण्याचा धसका, पाणी न पिणे आणि अंगातले जंत या तिन्ही गोष्टी त्याला एकदमच घेरतात.

परदेशी जातींचे वेगळे आहे. व्हेल्ड आणि पँथर या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अशा प्राण्यांचा ताबा असणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम लागू केले. ज्यांच्याकडे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्यानंतर घेतलेल्या प्राण्याची नोंद तीस दिवसांत व्हायला हवी. नोंदणी परिवेश २.० या संकेतस्थळावर होते. पिल्ले झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, हे सगळे कळवावे लागते. कागदपत्रांशिवाय विकला जाणारा प्राणी कुठून आला असेल याची कल्पना मुंबई विमानतळावरच्या कारवायांवरून येते. जून २०२५च्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना डझनावारी विषारी साप सापडले. सोबत कासवेही होती. बॅगेत कोंबून आणलेल्या अशा जिवांपैकी जे जगतात ते बाजारात येतात. शिवाय बांधावरचा आपला सरडगुहिरा कोणी ‘बाहेरचे पिल्लू’ म्हणून हातात ठेवला, तर नवख्या माणसाला फरक कळायचा नाही. विकणारा कागद दाखवत नसेल तर तिथूनच मागे फिरावे.

आता समजा, कागद चोख आहेत, प्राणी पिंजऱ्यातच जन्मलेला आहे आणि घरच्यांची तयारी आहे. मग खरे काम सुरू होते. कुत्र्याला घर हवे असते, माशाला पाणी. शॅमेलिऑनला हवामान हवे असते, आणि तेही पिंजऱ्याच्या प्रत्येक फुटाला थोडे बदलणारे. त्याचे शरीर कसे चालते ते पाहिले की हे का, ते कळते.

पायांपासून सुरुवात करावी. पाचही बोटे दोन गटांत जोडलेली असतात: पुढच्या पायाला आत तीन, बाहेर दोन, मागच्या पायाला नेमके उलट. दोन्ही गट समोरासमोरून फांदी धरतात. सपाट जमिनीवर अशा पायांचा उपयोग नाही. म्हणून पिंजऱ्यात तळ रुंद असून भागत नाही, फांद्या लागतात, आणि त्याही बोटाएवढ्या जाडीपासून मनगटाएवढ्या जाडीपर्यंत, बऱ्याचशा आडव्या. डोळ्यांच्या पापण्या एकमेकींना जुळलेल्या, बाहुलीपुरते भोक उघडे. एक डोळा वर घारीवर, दुसरा खाली मुंगीवर ठेवता येतो. भक्ष्य दिसले की दोन्ही डोळे त्यावर रोखले जातात, मान पुढे येते, तोंड किंचित उघडते आणि जिभेचे मांसल टोक ओठांशी दिसू लागते. इथे बघणाऱ्याने पापणी लवू देऊ नये. क्षणभर काहीच होत नाही. मग टोळ होता तिथे नुसती फांदी हलत असते आणि सरडा चावत असतो.

मधल्या क्षणात जे घडते ते नुसत्या स्नायूंच्या बळावर शक्य नाही. जीभ एका निमुळत्या हाडावर गुंडाळलेली असते. तिच्याभोवतीचा स्नायू आवळतो तेव्हा हाड आणि स्नायू यांच्यामधली कोलॅजनची लवचीक आवरणे ताणली जातात आणि त्यांत ऊर्जा साठते. मग सगळा गोळा हाडाच्या टोकावरून सुटतो, दोन बोटांत दाबलेला ओला चिंचोका सुटावा तसा. धडाच्या लांबीच्या दीडपट-दुप्पट अंतर ती गाठते. क्रिस्टोफर अँडरसन यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत एका चिमुकल्या आफ्रिकी जातीच्या जिभेचा प्रवेग सेकंदाला सेकंदागणिक २,५९० मीटर इतका भरला. त्याच वर्षी बेल्जियम-फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की जिभेवरचा चिकट स्राव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे चारशेपट घट्ट असतो. ऊर्जा आवरणांत साठवलेली असल्यामुळे थंडीतही जिभेचा मारा फारसा मंदावत नाही. पाय मात्र गारठतात, पचनही थांबते, आणि ऊन मिळाल्याशिवाय काही चालत नाही.

इथून पिंजऱ्याकडे वळता येते.

पूर्ण वाढलेल्या नर व्हेल्डला दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच जागा लागते. उंचीवर तडजोड करू नये. पिंजऱ्याला जाळी हवी, कारण हवा खेळती नसेल तर ओलाव्यात बुरशी धरते आणि फुप्फुसे बिघडतात. काचेची पेटी तर खान्देशात नकोच. खिडकीजवळ ठेवलेल्या काचेच्या पेटीचे उन्हाळ्यात काय होते ते वेगळे सांगायला नको. डासांची नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. कोंबड्यांच्या खुराड्याची खरखरीत तार पायांची नखे उपटते. पावडर कोटिंग केलेली अॅल्युमिनियमची बारीक जाळी फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकटीत बसवून घेतली तर काम होते. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावा, म्हणजे वरची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर जाते. वरून झेपावणारी प्रत्येक गोष्ट या प्राण्याला शिकारी पक्षी वाटते. आपण त्याच्याकडे खालून पाहिले की तो शांत राहतो. मागची आणि एक बाजू पत्र्याने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने झाकली तर त्याला पाठ टेकायला आडोसा मिळतो.

आत झाडे हवीत, आणि तीही जिवंत. जास्वंद उत्तम. व्हेल्ड तिची पाने-फुले खातोही. मनी प्लँट, शेफ्लेरा, फायकस बेंजामिना ही नर्सरीत सहज मिळणारी झाडे चालतात. कण्हेर विषारी, रुईचा चीक घातक, तेव्हा ती लांब ठेवावीत. नर्सरीतून आणलेल्या रोपावर फवारणी झालेली असतेच असे धरून चालावे. पाने धुवावीत, कुंडीतली वरची माती बदलावी, काही आठवडे रोप बाहेर ठेवावे आणि मगच आत न्यावे.

मग प्रकाश. याच बाबतीत सर्वाधिक शॅमेलिऑन हळूहळू मरतात. त्वचेवर अतिनील-ब किरण पडले की शरीर ड जीवनसत्त्व बनवते, आणि त्याच्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम हाडांत जात नाही. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून काचेतून आलेले ऊन कितीही लख्ख असले तरी त्या कामाचे नाही. पाच-सहा टक्के यूव्हीबी देणारी सरळ नळी पिंजऱ्याच्या वर लागते. तिच्याखाली बसायची फांदी अशा अंतरावर असावी की तिथे यूव्ही इंडेक्स ३च्या आसपास राहील. नळी दिवसाला बारा तास, टायमरवर. उजेड देत राहिली तरी तिचे किरण महिन्यागणिक घटतात, म्हणून वर्षाच्या आत ती बदलावी. हे चुकले की कोवळ्या सरड्याचे पाय वाकतात, जबडा मऊ होतो, जिभेचा नेम चुकू लागतो. त्या अवस्थेत त्याला सावरणे फार अवघड.

नळीशेजारी उबेचा एक साधा दिवा. त्याच्याखाली २९ ते ३२ अंश, पिंजऱ्याच्या मध्यात २५-२६, तळाशी त्याहून कमी. रात्री सगळे दिवे बंद आणि तापमान वीसच्या खाली आले तरी हरकत नाही. उलट या उताराची त्याला गरज असते. युरोप-अमेरिकेतली पुस्तके इथून पुढे पिंजरा उबदार कसा ठेवावा ते शिकवतात. जळगाव-भुसावळच्या माणसाला प्रश्न नेमका उलटा पडतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, दुपारी हवेत ओलावा उरत नाही, पत्र्याखालची खोली संध्याकाळपर्यंत भट्टी झालेली असते. ३८ अंशांपलीकडे व्हेल्डचा जीव धोक्यात येतो. तो फिकट पडतो, तोंड उघडून धापा टाकतो, आणि मग उशीर झालेला असतो.

एप्रिल-मे मध्ये म्हणूनच उबेचा दिवा सरळ काढून ठेवावा. खान्देशी घरातला वाळ्याचा कूलर इथे मोलाचा ठरतो, कारण कोरड्या हवेत तो गारवाही देतो आणि ओलावाही. झोत पिंजऱ्यावर थेट मारू नये, खोली गार करावी. जूनमध्ये ढग दाटून हवा दमट झाली की कूलरचा गारवा ओसरतो. तेव्हा पंखा, उघड्या खिडक्या आणि घरातली सर्वांत खालची, उत्तरेकडची खोली. वीज गेली तर काय, याची सोय प्राणी आणण्याआधी हवी. इन्व्हर्टरवर किमान पंखा चालला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला थंडीच्या लाटेत किमान तापमान पाच-सहा अंशांवर उतरते. तेव्हा पिंजरा बंद खोलीत हलवून रात्री उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर थर्मोस्टॅटवर लावावा. बारा महिन्यांत एकच मांडणी ठेवून भागत नाही. खान्देशात शॅमेलिऑन ठेवणे म्हणजे तीन ऋतूंचे तीन पिंजरे मांडणे आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र जळगावकर जन्मजात पुढे आहे. शॅमेलिऑनला वाटीतले साचलेले पाणी बहुधा पाणी म्हणून उमगत नाही. पानावर चमकणारा, ओघळणारा थेंब त्याला दिसतो आणि तो चाटतो. थोडक्यात, ठिबक. ज्या शहरातून भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने ठिबक सिंचन देशभर नेले, तिथे ही कल्पना समजावून द्यावी लागत नाही. पिंजऱ्यासाठी शेतातला ड्रिपर जास्त पाणी सोडतो. त्यापेक्षा औषधांच्या दुकानातला सलाइनचा संच बरा. बाटली वर टांगायची, चाकाने सेकंदाला एक थेंब इतके जुळवायचे, थेंब जास्वंदीच्या वरच्या पानावर पडेल असे टोक बांधायचे. पाणी पानावरून पानावर उतरत तळाच्या ट्रेमध्ये जमते. ट्रे रोज रिकामा करायचा. सकाळी आणि दिवे मालवण्याआधी बारीक फवारा मारायचा, म्हणजे पाने ओली होतील आणि दुपारपर्यंत सुकतील. केळीच्या टिश्यूकल्चर रोपांना कणखर करायला शेडनेट आणि फॉगर वापरणाऱ्या या जिल्ह्याला सावली आणि धुके मोजून द्यायचा सराव आहेच. फक्त एक पथ्य: धुक्याचे यंत्र थंड रात्रीच चालवावे. उन्हाळ्यात रात्रीही हवा तिशीच्या आसपास असते. गरम आणि ओल्या हवेत फुप्फुसाचा संसर्ग पटकन होतो. पाणी पुरेसे मिळते आहे की नाही ते विष्ठेवरून कळते. तिच्यासोबत पडणारा युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, भाग पांढरा असावा. तो गडद केशरी झाला आणि डोळ्यांचे गोळे आत गेले, तर प्राणी तहानलेला आहे.

खाणे किड्यांचे. पिल्लाला रोज, मोठ्याला दिवसाआड. रातकिडे, झुरळांच्या पाळीव जाती, अळ्या. किड्यांच्या शरीरात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते, म्हणून दर वेळी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवूनच किडे द्यावे लागतात. ड जीवनसत्त्व मिसळलेली भुकटी महिन्यातून दोनदाच पुरे. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, शेवग्याचा पाला, भोपळा चारला तर तो सरड्याच्या पोटात जातो. शेतातून नाकतोडे धरून आणायचा मोह आवरावा. कपाशीच्या शिवारात जुलैपासून फवारण्या सुरू असतात आणि नाकतोड्याच्या अंगावरचे विष थेट सरड्यात उतरते. हौशी माणसाने रातकिड्यांची पैदास घरीच करायला शिकावे. त्याला लागते फक्त झाकणाची पेटी, अंड्यांचे पुठ्ठे आणि नियमितपणा.

मादी घेतली तर आणखी एक जबाबदारी येते. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, आणि एका वेळी ती वीसपासून साठ-सत्तरपर्यंत असू शकतात. जास्त खायला घातले, जास्त ऊब दिली की अंडी वाढतात आणि आयुष्य आखूड होते. अंडी तयार झाली की ती बेचैन होते. दिवसभर वर बसणारी मादी तळाशी उतरते, कोपरे उकरते, खाणे सोडते. तिला फूटभर खोल ओल्या वाळू-मातीची कुंडी लागते. आपली काळी माती यासाठी वाईट: ओली असताना पायांना चिकटते, वाळली की भेगाळते. धुतलेली नदीची वाळू थोड्या पोयट्यात मिसळून, मुठीत दाबल्यावर गोळा राहील इतकी ओलावावी. मादी पुढच्या पायांनी माती सुटी करते, मागच्यांनी बाहेर ढकलते, कधी पूर्ण बोगदा खणून तळाशी मागे वळते. अंडी घालून झाल्यावर भोक बुजवते, वरून माती चापून बसवते आणि धुळीने माखलेली, पोट खपाटीला गेलेली अशी फांदीवर परत चढते. या काळात कोणी बघते आहे असे वाटले तर ती खणणे सोडून देते, आणि पोटात अडकलेली अंडी तिचा जीव घेतात. पिंजऱ्यावर चादर टाकून घरच्यांनी तिकडे फिरकू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मुंबई-पुण्यात भेटतात. धुळ्याहून तिथे पोहोचायला अख्खा दिवस जातो, हे मादी निवडण्याआधीच ध्यानात घ्यावे.

एवढे करून घरात काय येते? कुरवाळता येईल असा सोबती नक्की नाही. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले तर दुबळा उपाशी राहून मरतो, मारामारी न होतासुद्धा. आरशातले स्वतःचे रूप पाहूनही तो खवळतो. हातावर घेतलेला शॅमेलिऑन शांत दिसतो तेव्हा बहुधा तो घाबरून गोठलेला असतो. रंग हीच त्याची बोली. तो भोवतालच्या रंगाशी जुळवून घेण्यासाठी रंग बदलतो, हा समज आता मागे पडला आहे. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर दाखवला. स्फटिकांमधले अंतर वाढले की परावर्तित प्रकाश निळ्या-हिरव्याकडून पिवळ्या-लालकडे सरकतो. सकाळी गारठलेला सरडा गडद होतो आणि अंगाची चपटी बाजू उन्हाकडे करतो. भांडणाऱ्या नरांचे पट्टे उजळतात, हरलेला काळवंडतो. ज्याला पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून तासभर नुसते बघत बसायला आवडते, त्याच्यासाठीच हा प्राणी आहे. ज्याला हात लावायचा आहे, त्याने दुसरे काही पाळावे.

नको झालेला परदेशी शॅमेलिऑन बाहेर सोडून देणे हा मात्र गंभीर अपराध समजावा. १९७२ साली हवाई बेटांवर केनियातून आणलेले जॅक्सन्स शॅमेलिऑन सोडले गेले. ते तिथे पसरले आणि आता बेटांवरच्या दुर्मीळ गोगलगायी आणि किडे खातात. फ्लोरिडात व्हेल्डचे तसेच झाले. खान्देशाच्या कोरड्या रानात व्हेल्ड तग धरणारच नाही असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. येमेनचे डोंगरउतारही काही हिरवेगार नाहीत.

आणि इथल्या रानात त्याचा भाऊबंद आधीच राहतो. सातपुड्याच्या पायथ्याचे यावल अभयारण्य, शिरपूरकडचे अनेर धरण अभयारण्य, चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या बाजूने सुरू होणारे गौताळा, धुळ्यालगतची लळिंगची टेकडी: पानगळीची, काटेरी, पावसाळ्यात एकाएकी हिरवी होणारी ही राने सरडगुहिऱ्याला मानवतात. नोव्हेंबर १९९७ मध्ये याच पट्ट्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, शंभराहून अधिक वर्षे कोणाला न दिसलेला रानपिंगळा पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा सापडला होता. उडत्या पक्ष्याची ही गत, तर पानात पान होऊन बसणाऱ्या सरड्याच्या किती नोंदी होत असतील! त्याला पाहण्याची उत्तम वेळ रात्रीची. झोपेत त्याचा रंग फिका, जवळजवळ पांढुरका होतो आणि विजेरीच्या झोतात तो फांदीच्या टोकाला लख्ख उठून दिसतो. सोबत जाणकार असावा, वनक्षेत्रात परवानगी असावी, झोत डोळ्यांवर रोखू नये. फोटो आणि जागेची नोंद ठेवली तरी पुष्कळ.

राखीव रानांबाहेर त्याचे घर म्हणजे बांध. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण सरडगुहिऱ्याला तरी अक्षरशः लागू आहे, कारण दोन शेतांमधले काटेरी कुंपण संपले की त्याचे जगही संपते. बोर, हिवर, घाणेरी, शेर यांची गुंतलेली वई जाऊन तारेचे कुंपण आले. जेसीबीने बांध एका दुपारी सपाट होतो. उन्हाळ्यात बांधावरचे गवत पेटवले जाते. सुरत-नागपूर महामार्ग रुंद होताना कडेचे जुने निंब आणि चिंचा गेल्या. फवारणीचे विष माणसालाही सोडत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. त्याच फवाऱ्याखालच्या किड्यांवर जगणाऱ्या सरड्याची मोजदाद कोणी केली नाही. बांधाची एक बाजू न पेटवता ठेवणे, चार-दोन बोरी-बाभळी राखणे, पावसाळा सरल्यावर मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते त्या दिवसांत बांधाची माती न उकरणे, एवढे शेतकऱ्याला विनाखर्च जमते. मोबदल्यात हा प्राणी दिवसभर नाकतोडे आणि माश्या कमी करत राहतो, तेही फुकट.

खरा अडथळा भीतीचा आहे. सरडगुहिरा विषारी असतो, चावला तर माणूस वाचत नाही, असे गावोगाव सांगितले जाते आणि दिसताच त्याच्यावर दगड पडतात. त्याला विष नाही. तो फुगतो, तोंड वासून फुस्कारतो, अंग काळसर करतो. हे सगळे घाबरवण्यासाठी असते, कारण पळून जाण्याइतके त्याचे पाय वेगवान नसतात. डांबरी रस्त्यावर तो एक पाऊल टाकतो, मागेपुढे झुलतो, मग दुसरे टाकतो, आणि तेवढ्यात ट्रक येतो. असा सरडगुहिरा रस्त्यात दिसला तर त्याच्यासमोर एखादी काडी धरावी. तो आपण होऊन तिच्यावर चढतो. ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपात, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर काडी टेकवावी. जखमी असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात एक फांदी घालून सावलीत ठेवावे, पाणी तोंडात ओतू नये, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.